सोळाव्या चालीपर्यंत

२२ मार्च १९२४. न्यू यॉर्कच्या बुद्धिबळ स्पर्धेत रेटीनं पांढऱ्या मोहऱ्यांनी सुरुवात केली ती राजाकडचा घोडा एफ-३ वर आणून. समोर जगज्जेता कापाब्लांका, १९१६ मध्ये शायेसकडून हरल्यानंतर एकही डाव न गमावलेला. दुसऱ्या चालीला सी-४, तिसऱ्या चालीला बी-४, चौथ्या चालीला उंट बी-२ वर. मग जी-३, दुसरा उंट जी-२ वर, आणि सातव्या चालीला किल्लेकोट. वजिरापुढचं प्यादं आठव्या चालीला हललं, तेही एकच घर. राजापुढचं तर पंधराव्या चालीला, तेही एकच घर. पंधरा चाली होईपर्यंत पटाच्या मधल्या चार घरांपैकी एकातही पांढऱ्याचं काही नाही.

परभणीत आमच्याकडे शिकायला येणारी मुलं ई-४ खेळतात आणि चार चालींत मात बसते का ते आधी बघतात. त्यांच्यापुढे हा डाव मांडला की कुणीतरी विचारतंच, "सर, हा घाबरलाय का?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर तोंडी देऊ नये, बोटानं दाखवावं. बी-२ च्या उंटाचा कर्ण डी-४ आणि ई-५ वरून जातो, जी-२ च्या उंटाचा ई-४ आणि डी-५ वरून. वाटेत आपलाच एफ-३ चा घोडा उभा आहे खरा, पण तोही डी-४ आणि ई-५ वर नजर ठेवून आहे. म्हणजे चारही घरं धाकात, फक्त कुणी जाऊन बसलेलं नाही. याला गनिमी कावा म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही, कारण इथं लपवलेलं काहीच नाही.

उंट असा कोपऱ्याजवळ बसवण्याची आपल्याला सवय होती, हे मुलांना सांगावं लागतं. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, त्यामुळे डाव सावकाश रचला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेनशी खेळताना जी-६ आणि उंट जी-७ अशी मांडणी करत. काळ्याच्या या मांडण्यांना आज जगभर 'इंडियन' म्हणतात. गंमत म्हणजे या डावात कापाब्लांकाचा उंटही जी-७ वरच आहे. एकाच कर्णाच्या दोन टोकांना दोन उंट, आणि मध्ये ई-५ वर काळं प्यादं.

मग सोळावी चाल: डी-४. आता पांढरा मधे शिरतो. काळा उंट ई-४ वर येतो, पांढरा वजीर सी-३ वर सरकतो. काळा प्यादं मारतो, पांढरा प्याद्यानंच परत मारतो, आणि काळा एफ-६ चा घोडा मागे घेऊन आपल्या उंटाची वाट मोकळी करतो. सगळा मारा डी-४ वर. रेटीचं उत्तर शांत आहे: सी-३ चा वजीर डी-२ वर. सी-४ चं प्यादं उघडं पडतं ते पडू दे. काळा डी-४ वर प्यादं मारतो, आणि चौथ्या चालीपासून बी-२ वर बसलेला उंट विसाव्या चालीला जागचा हलून तिथं परत मारतो. काळा वजीर सी-४ चं प्यादं खातो. उंट जी-७ चा उंट मारतो, राजा उंटाला मारतो, आणि वजीर बी-२ वर येऊन शह देतो. ज्या घरात उंट सोळा चाली बसून होता, त्याच घरातून, त्याच कर्णावर. शिवाय वजीर डी-२ वरून सरकल्यामुळे हत्तीची उभी पट्टी मोकळी झाली. राजा हलला की तेविसाव्या चालीला हत्ती डी-६ चं प्यादं उचलतो. एक वजीर हलला आणि दोन कामं झाली. माझ्या मते डावातला सगळ्यात सुंदर क्षण हाच.

बहुतेक लोक शेवटच्या, एकतिसाव्या चालीचं कौतुक करतात: मागचा हत्ती डी-५ वर. ती आहेच देखणी. काळ्या वजिराला सुरक्षित घर उरत नाही आणि कापाब्लांका डाव सोडतो. पण तोवर काम झालेलं होतं.

ही सुरुवात शिकणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. उंट दोन्ही कोपऱ्यांजवळ नीट बसवले की त्यांना वाटतं, झालं. डी-४ येतच नाही. काळा मग मधे प्यादी रेटत येतो आणि उंटांची कोंडी होते. म्हणून चाली पाठ करण्यात अर्थ नाही, कारण समोरचा पुस्तकातलं खेळेलच असं नाही. पंधराव्या चालीनंतर पट तसाच ठेवा, पुढची चाल झाका, आणि डी-४ आता का, दहाव्या चालीला का नाही, हे स्वतःशी मांडून बघा. उत्तर सापडेपर्यंत पान उलटू नका.

त्या स्पर्धेत लास्कर पहिला आला, कापाब्लांका दुसरा. रेटी पाचवा.