आत्मकथनातील प्रयोगशाळा

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. भाषेवर वाद झाले, श्लील-अश्लीलतेवर झाले, एका माणसाची कथा समाजाची कथा ठरते काय यावरही झाले. परंतु या आत्मकथनांतील शिक्षणाचा धागा कोठे तुटतो, हा प्रश्न आमच्या समीक्षेने विचारलेला माझ्या पाहण्यात नाही.

शाळेच्या पायरीखालचे बसणे, वेगळे पाणी, वसतिगृहातली अर्धी भाकरी, मॅट्रिकचा निकाल, कॉलेज, पदवी, नोकरी. येथे धागा संपतो आणि लेखक समाजाकडे किंवा स्वतःच्या दुभंगाकडे वळतो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मधला (१९७९) पोरका मुलगा शिकून प्राध्यापक होतो. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) गावकीच्या तराळकीपासून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत जाते. प्रवास थोर आहे, याविषयी वाद नाही. पण पदवी हाती आल्यावर ज्ञान निर्माण करण्याच्या जागी, म्हणजे संशोधनाच्या खोलीत, आमच्या माणसाचे काय होते? तेथे कोणी त्याला पाणी वरून वाढत नाही. तरी तो तेथून बाहेर पडतो. कसा बाहेर पडतो, हे आमच्या वाङ्मयात जवळजवळ नाही.

अपवाद एक ठळक आहे, आणि तो आमच्या विदर्भातला आहे. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) आपल्या संस्कृतची कथा सांगितली. संस्कृतची एम. ए. पदवी हातात आणि नोकरी नाही. पुढे नोकरी मिळाली तेव्हा ती सोमकुवरला मिळाली नाही, लग्नानंतरच्या पावडे या आडनावाला मिळाली, हे त्यांनी ओळखले आणि तसे लिहिले. कोणी शिवी दिली नाही, कोणी दाराबाहेर उभे केले नाही, तरी दार बंद होते. या बंद दाराचे वर्णन करण्याची रीत पावडेबाईंनी घालून दिली. आम्ही तिचे कौतुक केले, पण ती पुढे चालवली नाही.

हे आज लिहिण्याचे कारण साधे आहे. मी राहतो ते जाम हे समुद्रपूर तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. येथूनच वरोरा-चंद्रपूरचा रस्ता फुटतो, म्हणून चौरस्त्यावर दिवसरात्र माणसे बसची वाट पाहत उभी असतात. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जिला मी मराठी शिकवले, ती माझी एक विद्यार्थिनी या चौरस्त्यावरून सहा वर्षे ये-जा करीत होती. जीवरसायनशास्त्रात पीएच. डी. करीत होती. विषय सिकलसेलशी निगडित होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे की सिकलसेल हा आमच्याकडे दवाखान्यातला शब्द राहिलेला नाही, तो घरातला शब्द आहे. आमच्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी गावांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते, तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस वेदनेने तळमळतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला रेणूचा रोग म्हटले. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७ ची मुदत घातली. म्हणजे सत्तर वर्षांच्या आसपास आमचे रक्त प्रयोगशाळेत आहे. नमुना म्हणून आम्ही तेथे केव्हाच पोचलो. प्रश्न नळीच्या दुसऱ्या बाजूचा आहे.

ती मुलगी त्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. तिच्या मावसभावाला हा आजार होता. निवड झाली, अधिछात्रवृत्ती मंजूर झाली, वस्तीत पेढे वाटले गेले. तिसऱ्या वर्षी ती मला चौरस्त्यावर भेटली तेव्हा म्हणाली, “मले कोनी नाही म्हटलं नाही सर. कोनी सांगतलंच नाही.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. प्रयोगशाळेचे अर्धे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसते. यंत्राची पाळी कोणत्या वहीत लिहायची, रसायन मागवल्यापासून यायला किती महिने लागतात, कोणता पुरवठादार उधारीवर देतो, फसलेला प्रयोग मार्गदर्शकाला केव्हा दाखवायचा, लेखावर पहिले नाव कोणाचे राहणार हे कोणत्या दिवशी विचारायचे – हे सारे चहाच्या टेबलावर सांगितले जाते. ज्याचा बाप डॉक्टर किंवा प्राध्यापक आहे त्याला ते घरीच मिळालेले असते. जिचा बाप जिनिंगमध्ये गाठी उचलतो तिला ते कोण सांगणार? मानवी रक्तावर काम करायचे तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. ती लागलीच पाहिजे. नमुना कोणाचा असतो हे आपल्याहून अधिक कोण जाणतो? पण अर्ज कसा लिहायचा हे कोणी न सांगितल्याने तो दोनदा परत आला आणि जवळजवळ एक वर्ष गेले. अधिछात्रवृत्तीचे घड्याळ मात्र चालूच होते. ती जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. पेशी वाढवायला ठेवल्या की त्यांना रविवार कळत नाही. जामला येणारी शेवटची गाडी मात्र वेळेवर निघून जाते. कोणीच अन्याय केला नाही, आणि तिची तीन वर्षे गेली.

येथे मला आमच्या समीक्षेची उणीव जाणवते. भूक, मार, शिवी, बहिष्कार यांचे वाचन कसे करावे हे आम्हांला आत्मकथनांनी शिकवले. मौनाचे वाचन आम्ही शिकलो नाही. त्यामुळे संस्था जेव्हा म्हणते, “जागा दिली, पैसे दिले, आता गुणवत्ता दाखवा,” तेव्हा आमच्याजवळ उत्तराची भाषा नसते. मग आम्ही एक तर गप्प बसतो किंवा जुनी शब्दकळा वापरतो. ती तेथे लागू पडत नाही, आणि समोरचा माणूस निर्दोष सुटतो.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. आकडा ऐकून गावातला माणूस म्हणतो, पोरगी साहेब झाली. परंतु विज्ञान शाखेला संकीर्ण खर्चासाठी पहिली दोन वर्षे मिळत आले ते वर्षाला १२,००० रुपये. जीववैद्यकात प्रतिपिंडाची एक कुपी कित्येकदा याहून महाग असते. शिवाय पैसे दरमहा येतील याची हमी नाही. ते थकतात, आणि थकले की घरी पाठवायची रक्कम आधी तुटते, खाणे नंतर. राज्यातली गोष्ट ताजी आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतील ८६१ विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला चाळणी परीक्षा घेतली तर हातात पडली २०१९ च्या ‘सेट’ची जुनी प्रश्नपत्रिका. संशोधकाने ते महिने मैदानावर काढायचे, आणि अहवालात विचारायचे की प्रगती का नाही!

आमच्या वाङ्मयात विद्यावेतनाच्या थकबाकीचा उल्लेख शोधू गेलो तेव्हा मला तो एका मृत्युपत्रात सापडला. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात प्राण दिला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या न मिळालेल्या विद्यावेतनाचा हिशेब आहे आणि ते घरी पोचवा अशी विनंती आहे. त्याच पत्रात त्याने म्हटले की आपल्याला विज्ञानाचा लेखक व्हायचे होते, कार्ल सेगनसारखा. तो जीवशास्त्राचा विद्यार्थी होता, पुढे सामाजिक शास्त्रांकडे वळला. या पत्रावर खूप बोलले गेले, पण सभांतून. त्यातल्या ताऱ्यांविषयी बोलले गेले, हिशेबाविषयी कमी. मला वाटते, ते पत्र पावडेबाईंच्या लेखाशेजारी ठेवून वाचले पाहिजे. दोहोंत पदवीनंतरचे दार आहे.

शिक्षकांच्या मौनाची नोंद सरकारी कागदातही आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या दहापैकी जवळजवळ सात विद्यार्थ्यांनी सांगितले की शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही. ‘मारले’ असे नव्हे, ‘आधार मिळत नाही’ असे. थोरात स्वतः अमरावती जिल्ह्यातले. हा प्रश्न विचारायला हवा हे त्यांना कळले यात नवल नाही.

मग आधार म्हणजे काय? पाठीवर थाप नव्हे, दयेने दिलेले गुण तर नव्हेतच. बाबासाहेबांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या आयुष्याचा हा भाग आपण विजयाची कथा म्हणून सांगतो, त्यातली यंत्रणा पाहत नाही. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ साली तिची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज असे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. शिष्यवृत्ती मध्येच तुटली तर बाबासाहेबांसारख्या पुरुषाचीही तीन वर्षे जातात, हे आधी ध्यानात घ्यावे. दुसरे, त्यांचे शिक्षक. ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला. त्याला एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच लेखकाशी असलेले आपले मतभेद नोंदवले. मला ही प्रस्तावना आदर्श वाटते. मार्गदर्शक विद्यार्थ्याशी वाद घालतो, म्हणजे त्याला वादाच्या योग्यतेचा मानतो, आणि तरी त्याच्या ग्रंथावर आपले नाव घालतो. आमच्या मुलीला सहा वर्षांत कोणी वाद घालण्याइतकेही जवळ घेतले नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आम्ही नाते सांगितले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्याची ओळख करून दिली, पँथर हे नाव आम्ही तिकडूनच घेतले. कविता घेतली, संघटनेचे नाव घेतले. प्रयोगशाळेत त्यांनी काय केले हे मात्र पाहिले नाही. मेरीलँडच्या बाल्टिमोर येथील विद्यापीठात फ्रीमन ह्राबोव्स्की या कृष्णवर्णीय गणितज्ञाने १९८८ साली मायरहॉफ योजना उभी केली. मुलांना पहिल्या सत्राच्या आधीच्या उन्हाळ्यात बोलवायचे, एकत्र राहायला लावायचे, एकट्याने अभ्यास करण्याची मनाई म्हणावी इतका गटाभ्यासावर भर द्यायचा, आणि लवकर खऱ्या प्रयोगशाळेत बसवायचे. येथे दुबळ्यांचा शिकवणी वर्ग नाही. चहाच्या टेबलावरचे ज्ञान उघडपणे वाटण्याची ती व्यवस्था आहे. या योजनेतून विज्ञान आणि वैद्यकातले अनेक डॉक्टरेट निघाले. अर्थात तिकडेही सरकारी कृपेचा भरवसा नाही. वंचित गटांतील मुलांना जीववैद्यक संशोधनासाठी तयार करणारे कित्येक कार्यक्रम तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२५ मध्ये बंद केले.

दया पवारांनी काही काळ परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नोकरी केली होती. म्हणजे आमच्या पहिल्या गाजलेल्या आत्मकथनाचा लेखक प्रयोगशाळांच्या आवारातून वावरला होता. ‘बलुतं’ (१९७८) मी दरवर्षी शिकवतो, आणि इतकी वर्षे हा धागा मला दिसला नाही. वर्गात मीही मुलांना कावाखान्यातच थांबवत आलो.

त्या मुलीचा प्रबंध मागच्या वर्षी सादर झाला. मुदत वाढवून घ्यावी लागली, शेवटचे वर्ष विद्यावेतनाविना गेले. ते तिने हिंगणघाटला शिकवण्या घेऊन काढले. तिला मी म्हटले, आता लिही. ती म्हणाली, आत्मकथन लिहिण्याइतके माझ्याजवळ काही घडले नाही. तिच्याही मनात आत्मकथनाचा तोच साचा होता, आणि तो माझ्यासारख्यानेच घातलेला.

पण तिने एक वही ठेवली आहे. आमच्या कॉलेजची दुसरी एक मुलगी यंदा संशोधनाला गेली, तिच्यासाठी. मराठीत आहे, दोनशे पानी. यंत्राची पाळी केव्हा लिहावी, नीतिमत्ता समितीच्या अर्जात रक्त किती मिलिलिटर ते कोठे लिहावे, कोणत्या बाबूकडे कागद अडतो, मार्गदर्शकाने भेट दिली नाही तर तारीखवार नोंद कशी ठेवावी. सत्तेचाळिसाव्या पानावर मार्गदर्शकाशी झालेल्या चार मिनिटांच्या भेटीची नोंद आहे, त्याआधी पाच आठवड्यांच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे ‘सर नाहीत’. ही वही या त्रैमासिकात छापावी असे मी तिला सुचवले आहे. ती म्हणते, आधी त्या मुलीचे दुसरे वर्ष पार पडू द्या. वही तिच्याजवळ असणे जास्त जरुरीचे आहे.