‘चांगला परिणाम’ म्हणजे नेमकं काय?

पेपरच्या सारांशात ‘परिणाम चांगला’ असं वाचलंत, की तिथेच थांबा आणि त्याची व्याख्या शोधा. का, ते एका नावाजलेल्या पेपरवरून बघू.

टिटुलार, दालमाऊ आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. विषय आहे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या रिसेप्टरवर उलटते. मूल अचानक चिडतं, झोपत नाही, असंबद्ध बोलतं, झटके येतात. घरच्यांना हे आधी बाहेरची बाधा वाटू शकतं.

पेपरची ताकद मान्य करू. एवढ्या दुर्मिळ आजाराचे ५७७ रुग्ण, त्यातले २११ अठरा वर्षांखालचे. दोन वर्षांनंतर तपासता आलेल्या २५२ पैकी २०३ जणांमध्ये, म्हणजे ८१ टक्क्यांमध्ये, परिणाम ‘चांगला’ होता.

आता मोजपट्टी बघा. ती आहे सुधारित रँकिन श्रेणी, मुळात पक्षाघाताच्या रुग्णांसाठी केलेली. शून्य ते दोन गुण म्हणजे ‘चांगला’. पण दोन गुणांचा अर्थ काय? स्वतःचं स्वतः करता येतं, मात्र पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत.

समजा, पुसदच्या शाळेतली सातवीची मुलगी दोन गुणांवर आहे. जेवते, आंघोळ करते, पण धडा लक्षात राहत नाही, दुपारपर्यंत थकून जाते. पेपरच्या हिशेबात ती ८१ टक्क्यांत. आईबापांच्या हिशेबात? तपासणीसाठी नागपूरच्या खेपा, बुडालेली मजुरी, शाळेला समजावणं, शेजाऱ्यांची कुजबुज, यातल्या कशालाच या पट्टीवर जागा नाही.

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. २०१८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आलेल्या डच अभ्यासात २८ मुलांपैकी १८, म्हणजे ६४ टक्केच, शाळेत पूर्वीच्या पातळीवर परतली. अभ्यास लहान आहे, दोन्ही आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. पण प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, एवढं नक्की.

२०१३ च्याच पेपरनुसार सुधारणा दीड वर्षापर्यंत चालू राहू शकते. म्हणजे डिस्चार्जनंतरच कुटुंबाला आधाराची खरी गरज असते: शाळेसाठी डॉक्टरांचं पत्र, सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, शंका विचारायला एक ठरलेला माणूस. हे मोजलं नाही, तर यासाठी पैसे मागायला पुरावाही उरत नाही.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना मोजपट्टी आयती उचलू नका. आधी चार कुटुंबांना विचारा, ‘बरं झालं’ असं तुम्ही कधी म्हणाल?