बडोद्यातील अकरा दिवस : सोसण्याच्या साहित्याविषयी काही विचार

संकटांतून तरून गेलेल्या माणसांच्या कथा आपल्या उपदेशपीठावरून वारंवार सांगितल्या जातात. या कथांचा साचा बहुधा एकच असतो : दुःख आले, माणसाने धीर धरला आणि देवाने त्या दुःखाचे सोने केले. अशा कथा खोट्या असतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु साहित्यातील सोसण्याचा विचार करू लागले की हा साचा अपुरा पडतो, आणि कित्येकदा तो सोसणाऱ्या माणसावर अन्यायही करतो, असे आम्हांस वाटते. हे मत आम्ही एका लहानशा लेखनाच्या आधारे मांडणार आहोत. ते लेखन म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आणि त्यातही बडोद्याविषयीचे दुसरे प्रकरण. हे प्रकरण निवडण्यास एक विशेष कारण आहे. त्यात एक ख्रिस्ती घर येते.

प्रथम या लेखनाची थोडक्यात ओळख करून देणे इष्ट होईल. १९३५ नंतरच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हे इंग्रजीत लिहिले. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने काढले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखनाच्या १२ व्या खंडात त्याचा समावेश झाला. त्यात सहा प्रकरणे आहेत. पहिले साताऱ्याहून कोरेगावास निघालेल्या लहान मुलांच्या प्रवासाचे, दुसरे बडोद्याचे, तिसरे चाळीसगावचे, चौथे दौलताबादच्या किल्ल्यावरील पाण्याच्या टाक्याचे. पाचवे व सहावे इतरांच्या अनुभवांचे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकास समजावे म्हणून सर्वसाधारण वर्णन न करता प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगावयाचे, असे लेखकाने आरंभीच ठरविले आहे. लेखन असमतोल आहे. शेवटची प्रकरणे बहुतांशी वृत्ते व निवेदने यांवर आधारलेली आहेत आणि समारोप असा नाहीच. तरीही बडोद्याचे प्रकरण मराठी माणसाने लिहिलेल्या आत्मकथनपर गद्यात फार वरच्या प्रतीचे आहे, असे आमचे मत आहे.

आता स्थळाचा विचार करू. बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, हे त्या काळी मराठी राजाचे राज्य होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१० पासून तेथे ग्रंथालयांची मोठी चळवळ उभी राहिली. १९०९, १९२१ आणि १९३४ या तिन्ही वर्षी मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले. याच महाराजांनी तरुण आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले होते. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास आले. जेथे ही गोष्ट घडली ते गाव मागासलेले नव्हते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. विद्येचे वैभव असलेल्या, सुधारणेचे नाव असलेल्या नगरीत ती घडली.

प्रकरणाची सुरुवात एका प्रश्नाने होते : उतरावे कोठे? परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे लेखक सांगतो. गाडीतून उतरताच ती परत आली. हिंदूंच्या विशींत नाव लपविल्याखेरीज प्रवेश नाही, आणि नाव लपविले तरी अमेरिकेत शिकून आलेले ओळखीचे कोणी भेटले तर बिंग फुटणार. शेवटी कॅम्पातील एका पारशी उतारशाळेचा पत्ता लागतो. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून मनाला हायसे वाटते. पण तेथील रखवालदार सदरा आणि कस्ती चाचपून पाहतो, आणि पाहुणा पारशी नाही हे त्याच्या ध्यानात येते. उतारशाळा तर केवळ पारशांसाठी. अखेर दोघांत एक तडजोड होते : पाहुण्याने नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे आणि रोजचा दीड रुपया द्यावयाचा.

पुढील वर्णन फार संयमाने केलेले आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाजूच्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्यांचा व फळ्यांचा ढीग, रात्री उजेडासाठी एक कंदील, त्याचा प्रकाश काही इंचांपलीकडे जात नाही, आणि अंधारात वटवाघळांची फडफड. एकटेपणा विसरण्यासाठी हा मनुष्य वाचीत बसतो. भाचा मुंबईहून सामान घेऊन येतो आणि मामाची ती अवस्था पाहून मोठ्याने रडू लागतो, म्हणून त्याला लगेच परत पाठवावे लागते. सरकारी घरासाठी केलेला अर्ज कचेरीत पडून राहतो. संस्थानच्या ग्रंथालयातून त्याला पुस्तके मिळतात, पण डोक्यावर छप्पर मिळत नाही. लेखकाने या विसंगतीवर कोठेही बोट ठेवलेले नाही. अकराव्या दिवशी सकाळी परत करावयाची पुस्तके हाती घेऊन तो बाहेर पडण्याच्या बेतात असताना जिन्यावर पावले वाजतात, एवढेच तो सांगतो. हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर येतात. त्यांचा प्रश्न एकच : पारशी नाव घेण्याची तुझी छाती कशी झाली? संध्याकाळपर्यंत येथून निघून जाण्याचा हुकूम होतो.

यापुढील दोन परिच्छेद आपण पाळक व प्रचारक यांनी सावकाश वाचावेत. लेखकाला बडोद्यात दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला मनापासून दुःख झाले, संतापही आला. पण बोलता बोलता तो एवढेच म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. लेखकाने त्यातील अर्थ ओळखला. ख्रिस्ती मित्राने पूर्वी एकदा आपण होऊन राहावयास बोलाविले होते आणि राहणी जुळणार नाही म्हणून आपणच ते नाकारले होते, हे लेखक प्रामाणिकपणे नमूद करतो. आता मात्र त्याच्याच दारी जावे लागले. उत्तर मिळाले : उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे उत्तर केवळ मुत्सद्देगिरीचे होते हे मागाहून कळले. कुटुंब मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पती विचाराने उदार झाला होता, पण पत्नीचे सोवळे कायम होते. अस्पृश्याला घरात घेण्यास तिने संमती दिली नसती.

या ठिकाणी लेखकाने ख्रिस्ती धर्माविषयी एकही टीकात्मक शब्द लिहिलेला नाही, आणि म्हणूनच हा परिच्छेद आपल्याला अधिक लागावा. रागाने लिहिले असते तर आपण प्रत्युत्तर दिले असते. येथे प्रत्युत्तर देण्यास जागा नाही, कारण आरोपच नाही. घडले ते सांगितले आहे, एवढेच. उतारशाळेत जागा नसल्याचा वृत्तांत आपण प्रत्येक नाताळात वाचतो आणि त्या गावच्या लोकांविषयी हळहळतो. बडोद्यातील त्या घरीही तो वृत्तांत वाचला जात असेल.

याच सुमारास लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या मंडळ्यांत हा ग्रंथ घरोघरी माहीत आहे, आणि संकटांतून हसतमुखाने तगून राहिलेल्या स्त्रीची कथा म्हणूनच तो वाचला जातो. तो तसा आहेच. परंतु त्याचा एक धागा सोवळ्याचा आहे हे आपण पुरेसे पाहत नाही. जलालपूरच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने घरादाराचे कसे हाल केले ते लक्ष्मीबाई आरंभीच सांगतात. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यानंतर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पुन्हा पतीजवळ आल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले होते. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाला विचारला आणि मग ते बंधन टाकून दिले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मनातील सोवळे त्याआधीच सुटले होते.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता बडोद्यातील ती पत्नी आपल्याला अनोळखी राहत नाही. लक्ष्मीबाई ज्या वाटेवर काही काळ थांबल्या होत्या, त्याच वाटेवर ती अजून उभी होती. तिच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय तिला कोणी विचारलेच नव्हते हेही विसरता येत नाही. नकार तिच्या नावावर जमा झाला, पण तो दिला पतीने. तिच्या आड उभे राहून दिला. विचाराने उदार झालेल्या माणसाने घरातील सोवळ्याकडे बोट दाखवून सुटका करून घ्यावी, हा प्रकार आपल्या पंचकमिट्यांना अपरिचित नाही. ‘आमचे काही नाही हो, पण मंडळीला चालणार नाही,’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे, आणि काहींनी उच्चारलेही आहे.

आता प्रकरणाच्या शेवटाकडे वळू. दुपारचे चार वाजले आहेत. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास कोठे काढावेत? लेखक कामाठीबागेत जाऊन बसतो. १८७९ साली झालेली ही बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. तेथे तो कधी शून्य मनाने, कधी दुःखाने बसून राहतो. निराधार झालेल्या मुलाला आठवावेत तसे त्याला आईवडील आठवतात. आठ वाजता तो उतारशाळेत जाऊन सामान घेतो. रखवालदार बाहेर येतो. आपल्यामुळे याच्यावर हा प्रसंग ओढवला असे त्या बिचाऱ्याला वाटत असते. कोणी काही बोलत नाही. पैसे दिले जातात, घेतले जातात, निरोप होतो. अठरा वर्षांनी लिहितानाही हा दिवस डोळ्यांत पाणी आल्यावाचून आठवत नाही, असे लेखक सांगतो.

पुढे या बागेतील एका वटवृक्षाखाली डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प केला, अशी श्रद्धा रूढ झाली. ते स्थान संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते आणि २३ सप्टेंबरला अनुयायी तेथे जमतात. त्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. ज्या माणसाने १९२० साली ‘मूकनायक’ काढले आणि १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी हाती घेतले, त्याच्या जीवनात या दिवसाचे स्थान मोठे आहे यात संशय नाही. परंतु समीक्षकाने लेखनाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. प्रकरणात संकल्प नाही. अश्रू आहेत, आईवडिलांची आठवण आहे, आणि हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्यच हे प्रथमच झालेले ज्ञान आहे. लिहितेवेळी लेखक देशभर ओळखला जाणारा नेता होता. शेवटी विजयाचे एक वाक्य घालणे त्याला सहज शक्य होते. ते त्याने घातले नाही.

या प्रकरणाचे सामर्थ्य आम्हांस येथेच दिसते. लेखकाने आपल्या दुःखाचे सोने करून दाखविले असते, तर ज्यांनी दारे लावली त्यांनाही त्या सोन्यात वाटा मिळाला असता. ‘बघा, त्यातूनच केवढा माणूस घडला!’ असे म्हणून आपण समाधानाने पुस्तक मिटले असते. लेखक आपल्याला ते समाधान मिळू देत नाही. पवित्र शास्त्रालाही ही रीत परकी नाही. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. कोणी त्याला आशेचे शेपूट जोडले नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले होते तोवर त्यांचे चुकले नव्हते. त्याच्या दुःखाचा अर्थ सांगू लागले तेव्हा ते चुकले. उतारशाळेचा रखवालदार काही शिकलेला धर्मपंडित नव्हता. पण त्या दिवशी बडोद्यात गप्प राहून दुःखात सहभागी झालेला तोच एक दिसतो.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि त्यामागून दलित आत्मकथनांची मोठी परंपरा मराठीत उभी राहिली. तिच्यात स्त्रियांची लेखनेही आहेत. या पुस्तकांविषयी आपल्या वर्तुळात दोन प्रकारचे अभिप्राय ऐकू येतात. एक, ती फार कडवट आहेत. दोन, ती फार प्रेरणादायी आहेत. दोन्ही अभिप्रायांत वाचक स्वतः सुरक्षित राहतो. बडोद्याचे प्रकरण वाचण्याची आणखी एक रीत आहे. आपण सर्वजण बागेतील त्या तरुणाच्या शेजारी जाऊन बसू इच्छितो, कारण तेथे बसणे आज सोपे व सन्मानाचे आहे. आपण बसावे त्या ख्रिस्ती मित्राच्या ओसरीवर. पाहुणा दारात उभा आहे, चार वाजत आले आहेत, आणि उत्तर आपल्याला द्यावयाचे आहे.

आमची एक व्यावहारिक सूचना आहे. प्रचारकांच्या पुढील अभ्यासवर्गात हे प्रकरण मोठ्याने वाचावे. त्याला फार वेळ लागत नाही. वाचून झाल्यावर त्यावर उपदेश करू नये. प्रत्येकाने आपल्या मंडळीतील एकच गोष्ट आठवून सांगावी : मागील वर्षभरात आपल्या गावी कोणी आसरा मागितला, भाड्याने खोली मागितली, मुलीचे स्थळ विचारले, दफनभूमीत जागा मागितली, आणि ‘विचारून सांगतो’ असे उत्तर आपल्यापैकी कोणी दिले. ती यादी तयार झाली की सोसण्याच्या साहित्यावरील पुढील चर्चा तिच्यापासून सुरू करता येईल.