दोन भाषणांच्या मधले गाणे

प्रेरणादायी भाषणांची संमेलने आता जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांचा नमुना अमेरिकेतला. १९८४ साली कॅलिफोर्नियात 'टेड' नावाची परिषद भरली. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. २००९ पासून 'टेडएक्स' या नावाने ठिकठिकाणच्या आयोजकांना परवाने मिळू लागले. भाषण जास्तीत जास्त १८ मिनिटांचे, आणि काही भाषणे झाली की मध्ये स्थानिक संगीत. आता परवाना नसलेली संमेलनेही हाच साचा वापरतात. मला लिहायचे आहे ते या 'मध्ये'विषयी.

गाणे मध्ये कशासाठी? श्रोत्यांना विसावा मिळावा म्हणून. विचार भाषणाकडे आणि विसावा गाण्याकडे, अशी वाटणी आधीच झालेली असते. आम्हाला ही वाटणी नवी नाही. डोके एकाचे आणि हात दुसऱ्याचे, ही या देशातली जुनीच व्यवस्था आहे.

अशा एका संमेलनात मी श्रोता म्हणून बसलो होतो. पत्रिकेवर वक्त्यांची नावे, पदव्या, छायाचित्रे होती. हलगी वाजवणाऱ्या चार तरुणांसाठी दोनच शब्द होते : 'स्थानिक लोकसंगीत'. त्यांच्याजवळ गाणेही होते. पण वेळ कमी आहे, तेव्हा फक्त वाजवा, असे त्यांना सांगण्यात आले. सभागृहाने ताल धरला, टाळ्या पडल्या, आणि पुढचा वक्ता आत्मविश्वासावर बोलू लागला.

यात कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणाला अडवले नाही. तरीही जे घडले ते निरुपद्रवी नव्हते. हलगी हे नुसते 'स्थानिक' वाद्य नाही. लग्नात, मर्तिकात, जत्रेत ती कोणी वाजवायची हे गावाने जातीवरून ठरवले होते. ते काम होते, आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. म्हणूनच १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी ते वाजवणे सोडून दिले. आज एखादा तरुण स्वतःच्या इच्छेने हलगी हाती घेत असेल तर त्याला माझा आक्षेप नाही. वाद्याला विटाळ नसतो. परंतु त्याचे नाव छापायचे नाही, त्याचे शब्द ऐकायचे नाहीत, फक्त त्याचा ताल घ्यायचा, तर गावकीत आणि या रंगमंचात फरक काय राहिला? 'स्थानिक' हा शब्द येथे जातीचे नाव न घेता जातीचे काम करून घेतो.

कोणी म्हणेल, निदान रंगमंच तरी मिळाला. रंगमंच आम्हाला कोणी देण्याआधीच आम्ही उभा केला होता. आधी सत्यशोधकांनी आणि १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसेकारांनी तमाशाची चौकट घेतली आणि तिचा आशय बदलला. देवाच्या स्तवनाची जागा माणसाच्या प्रश्नाने घेतली. गौळणीतली छेडछाड त्यांनी बाजूला सारली. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. 'मूकनायक' १९२० साली आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघाले, पण ते वाचू शकणारे वस्तीत किती होते? महाडचे तळे, काळारामाचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा हे सारे अनेकांनी प्रथम गाण्यातून आणि बतावणीतून ऐकले. बतावणीत एक शंका विचारी, दुसरा तिचा छडा लावी. ऐकणाऱ्याच्या मनातली भीती तेथे उघड बोलली जाई. संमेलनातल्या भाषणात वक्त्याला अडवून विचारण्याची अशी जागा सहसा नसते. मग विचार कोणाचा आणि करमणूक कोणाची?

गाणे म्हणजे विसावा, असे ज्यांना वाटते त्यांनी १९९७ आठवावे. ११ जुलैला मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गाणाऱ्याने काय सोसलेले असते, ते पत्रिकेवरच्या दोन शब्दांत मावत नाही.

परंतु केवळ दुसऱ्याच्या सभागृहाकडे बोट दाखवणे सोपे आहे. आपल्या जयंतीच्या मंचावर काय चालते? बाबासाहेबांनी जलशाचे मोल आपल्या भाषणांहून अधिक मानले, असे आपण अभिमानाने सांगतो. आणि पाहुण्यांची गाडी आली की गायन पार्टीला हाताने खूण करतो : आटपा. गाणे गर्दी जमवण्यापुरते, विचार पुढाऱ्याचा. आता तर कितीतरी ठिकाणी गाणाऱ्याचीही गरज उरली नाही, डीजे पुरतो.

समीक्षेचीही तीच गत. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ साली गेले. अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली, आणि त्यांची गाणी घराघरांत गेली. पण दलित कवितेवर जितके लिहिले गेले त्याच्या मानाने या गाण्यांवर किती लिहिले गेले? आम्ही पदवीधर झालो, प्राध्यापक झालो, आणि छापील कवितेलाच साहित्य मानणारी प्रस्थापितांची फूटपट्टी आम्हीही उचलली. आमच्या आयांना वाचता येत नव्हते, पण गाण्यातला युक्तिवाद त्यांना कळत होता. तो नोंदवण्याचे काम आमचे होते.

म्हणून मागणी साधी आहे. संमेलन कोणाचेही असो, गाणाऱ्याचे आणि गीतकाराचे नाव वक्त्याच्या नावाशेजारी, त्याच टाइपात छापा. शब्द कापू नका. वक्त्याला मानधन असेल तर गायकालाही तितकेच द्या. आणि आपल्या नियतकालिकांनी गाण्यांची परीक्षणे छापावीत, कठोरपणे छापावीत. यमकासाठी जुळवलेले, नुसत्या जयघोषावर तरलेले गाणे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. ज्याच्याशी आपण वाद घालतो, त्यालाच आपण विचार मानतो. गाण्याशी वाद घालायला आपण कधी सुरुवात करणार?