गोलंदाजाला कोण विचारतो?

मी गोलंदाज आहे, हे वाक्य मी आजवर फार कमी वेळा उच्चारलं आहे. कारण ते उच्चारल्यावर समोरचा माणूस "अरे वा!" म्हणत नाही, "आणि बॅटिंग?" असं विचारतो.

मुलुंडला आमच्या चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत क्रिकेटचा एकच कायदा होता : ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. आमच्या घरात बॅट नव्हती. वडिलांच्या मते बॅट हा चैनीचा माल होता आणि टेनिसचा चेंडू हा गरजेचा. त्यामुळे मी चेंडूचा मालक झालो आणि आपोआप गोलंदाज झालो. गोलंदाजाचं काम म्हणजे चेंडू टाकणं, तो गटारात गेला की काढून आणणं, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वरणात पडला की त्यांची बोलणी खाणं. फटका मारणारा वेगळा आणि बोलणी खाणारा वेगळा, ही पुढे नोकरीत उपयोगी पडलेली विभागणी मी तिथेच शिकलो.

पुढे बँकेत चिकटलो आणि गोलंदाजाचं दुःख नव्याने कळलं. आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. त्यांची कॅश रोज संध्याकाळी पैशाला पैसा जुळायची. वर्षानुवर्षं. त्याबद्दल त्यांना कोणी कधी साधा चहा पाजल्याचं मला आठवत नाही. याउलट आमच्या एका मित्राच्या कॅशमध्ये एकदा पाचशे रुपये कमी आले. रात्री आठपर्यंत सगळी शाखा त्याच्या टेबलाभोवती. शेवटी ती नोट दोन बंडलांच्या मध्ये चिकटलेली सापडली. तीही त्यानेच शोधली. दुसऱ्या दिवशी पेढे! साहेबांनी पाठ थोपटली. ज्याने घोळ केला आणि निस्तरला, तो हिरो. ज्याने घोळ होऊच दिला नाही, त्याच्या बाबतीत काही घडलंच नाही. मग टाळ्या कशाला वाजवायच्या?

वाचकहो, बापू नाडकर्णींची गोष्ट हीच आहे. जानेवारी 1964, मद्रास, समोर इंग्लंड. बापूंनी ओळीने 21 षटकं निर्धाव टाकली. 131 चेंडू, धाव एकही नाही. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, 0 बळी. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत असं सांगतात. नाण्याचा हिशेब इतका चोख ठेवणारा माणूस आमच्या खात्यात कसा आला नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पण लोक या आकड्यांचं करतात काय? हसतात! "अहो, झोप लागली असेल लोकांना," असं म्हणतात. पूर्ण कसोटी कारकीर्दीत बापूंनी षटकामागे दोन धावासुद्धा दिल्या नाहीत. 41 कसोट्यांत 88 बळी घेतले. 1968 साली वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात 43 धावांत 6 गडी बाद करून सामना जिंकायला हातभार लावला; परदेशात भारताने मालिका जिंकली ती त्या दौऱ्यात पहिल्यांदा. हे कितीजणांना ठाऊक आहे? 21 निर्धाव षटकं मात्र सर्वांना पाठ. एखाद्या सज्जन माणसाची ओळख "तो बघा, जो कधी रिक्षा करत नाही" अशी करून द्यावी, तसा हा प्रकार.

असं का होतं, यावर मी 8.12 च्या लोकलमध्ये बराच विचार केलेला आहे. (ठाण्याहून भरून आलेल्या गाडीत विचाराखेरीज दुसरी कुठलीही हालचाल करता येत नाही.)

पहिलं कारण भाषेचं. फलंदाजासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत! अर्धशतक, शतक, द्विशतक, झंझावात, आतषबाजी, धावांची टांकसाळ. गोलंदाजाने पाच गडी बाद केले तर? "पाच बळी घेतले." बस. त्यातही 'बळी' हा शब्द असा, की सहानुभूती आपोआप बाद होणाऱ्याकडे जाते. घेणारा कसायासारखा दिसतो.

दुसरं कारण हिशेबाचं, आणि मी कॉमर्सचा पदवीधर असल्याने ते मला जास्त खुपतं. फलंदाजाने चौकार मारला की आपण तो त्याच्या खात्यात जमा करतो. पण तोच फलंदाज बाद झाला की म्हणतो, "काय घाणेरडा फटका मारला!" म्हणजे बाद होण्याची नोंदसुद्धा फलंदाजाच्याच खात्यात, फक्त नावे बाजूला. त्याला तो फटका मारायला लावण्यासाठी ज्याने पाच षटकं जाळं विणलं, त्याचं खातंच उघडलेलं नाही. ही कुठली डबल एन्ट्री?

तिसरं कारण डोळ्यांचं. उखडलेला स्टंप दिसतो, म्हणून जलद गोलंदाजाला निदान थोडी तरी वाहवा मिळते. चेंडू हवेत वीतभर आधी खाली आला, हे कसं दिसणार? म्हणूनच उपेक्षितांची यादी काढायला बसलं की डावखुऱ्या फिरकीवाल्यांची रांग लागते.

आमच्या उपनगराचंच उदाहरण घ्या. जोगेश्वरीचा एक मुलगा आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. नाव एजाझ पटेल. डिसेंबर 2021 मध्ये तो पाहुण्या संघातून वानखेडेवर उतरला आणि त्याने एका डावात भारताचे सगळेच्या सगळे 10 गडी बाद केले, 119 धावांत. कसोटीच्या इतिहासात हे त्याच्याआधी फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांना जमलं होतं. मग एजाझच्या साथीदारांनी 62 धावांत डाव आटोपून सामना घालवला. सामनावीर कोण? दीडशे धावा करणारा मयांक अगरवाल. जिंकणाऱ्या संघाचा मानकरी निवडायची रीत आहे, मान्य. पण पुढे? बांगलादेशाविरुद्धच्या पुढच्याच मालिकेसाठी न्यूझीलंडच्या संघात एजाझचं नाव नव्हतं. तिथल्या खेळपट्ट्या फिरकीला साथ देत नाहीत, असं कारण. दहापैकी दहा मार्क मिळवलेल्या मुलाला "पुढचा पेपर इंग्रजीचा आहे, तू घरी बस" म्हणण्यापैकी हे झालं.

आता एक कबुली. उपेक्षा करणाऱ्यांत मीही आहे. शिवाजी पार्कच्या अजित आगरकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत ओळीने सात भोपळे काढले, तेव्हा त्याला 'बॉम्बे डक' हे नाव पडलं. बॉम्बे डक म्हणजे आपले बोंबील. त्यावरचे विनोद सांगणाऱ्यांत मी पुढे होतो. चर्चगेटपासून बोरीवलीपर्यंत पुरतील एवढे बोंबील मी कॅन्टीनमध्ये तळले असतील. पण तो संघात होता गोलंदाज म्हणून! एकदिवसीय सामन्यांत त्याने 288 बळी घेतले. डिसेंबर 2003 मध्ये अ‍ॅडलेडला भारत जिंकला, तो सामना मी स्वतः पाहिला आहे. कोणी विचारलं तर मी तात्काळ सांगतो, "द्रविड! 233 आणि नाबाद 72!" अगदी खरं. द्रविडचं श्रेय कोणी रतीभर कमी करू नये. पण ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव 196 मध्ये गुंडाळला कोणी? आगरकरने, 41 धावांत 6 बळी. ते झालं नसतं, तर द्रविडला पाठलाग करायला उरलं काय असतं? भोपळे सात आठवतात, बळी सहा आठवत नाहीत. खवचटपणाला स्मरणशक्ती चांगली असते, एवढाच याचा अर्थ.

आणि आता पद्माकर शिवलकर. हे नाव आमच्या घरात बाबांच्या मालकीचं. बाबांनी त्यांना कांगा लीगमध्ये, ओल्या मैदानावर, कडेला छत्री घेऊन उभं राहून पाहिलेलं. 1972-73 ची रणजी अंतिम लढत चेपॉकवर, तामिळनाडूविरुद्ध. मुंबईच्या धावा 151 आणि 113. एवढ्या भांडवलावर आजकाल कोणी पानाची टपरी टाकणार नाही. पण तामिळनाडू 80 आणि 61 मध्ये गारद. शिवलकर : 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. मुंबईचं ते ओळीने पंधरावं विजेतेपद. प्रथम श्रेणीत त्यांचे एकूण बळी 589, सरासरी विसाच्या आत.

आणि कसोटी सामने शून्य. कारण त्याच काळात, त्याच हाताने, बिशनसिंग बेदी गोलंदाजी करत होते. बेदी थोरच, 266 कसोटी बळी काही फुकट मिळत नाहीत. हरयाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच गत. रणजीत 637 बळी, आणि कसोटीची टोपी नाही. 1974 साली बेंगळूरला बेदी संघात नव्हते, तेव्हासुद्धा गोयलना अकरांत घेतलं नाही. सुनील गावसकरांनी मात्र आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात या दोघांनाही जागा दिली. फलंदाजाने दिलेली पावती आहे ही, आणि तीही ज्याने समोर उभं राहून चेंडू खेळले त्याची. 2017 साली क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. थकबाकी उशिरा का होईना, जमा झाली. व्याज मात्र बुडालं.

3 मार्च 2025 ला शिवलकर गेल्याची बातमी आली. बाबा टीव्हीसमोर गप्प बसून होते. काहीतरी बोलावं म्हणून मी सवयीने विचारलं, "बाबा, कसोट्या किती हो खेळले ते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तू कसोट्या मोज. मी त्यांचे चेंडू पाहिलेत."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सगळा दोष निवड समितीचा, असं मी आजवर धरून चाललो होतो. पण निवड समितीने टोपी एकदा नाकारली. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून आपण ती रोज नाकारतो. आणि आमचे ते हेडकॅशियर? निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या नोकरीची वर्षं चुकीची सांगितली होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनीही.

गेल्या रविवारी सोसायटीच्या आवारात पोरांची मॅच चालली होती. बारक्या अंगाचा एक मुलगा डाव्या हाताने फिरकी टाकत होता. सहाच्या सहा चेंडू, समोरच्या महागड्या बॅटवाल्याला एकही धाव नाही. गॅलरीत उभा राहून मी मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

ही आतून धावत आली. "काय झालं?"

"काही नाही."

"मग टाळ्या कसल्या वाजवताय?"

"काही झालं नाही, त्याच्याच."

हिने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि चहा टाकायला गेली. खाली त्या मुलाने मात्र एकदा वर पाहिलं, चेंडू चड्डीला घासला आणि पुढच्या षटकासाठी कोणी न सांगता स्वतःच हात वर केला.