होमाई व्यारावाला यांची मुंबईतील व्यक्तिचित्रे व नगरदृश्ये : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

'भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार' या बिरुदाने होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) सर्वपरिचित आहेत. गांधीजींचे अंत्यसंस्कार, सत्तांतराचे सोहळे, पंडित नेहरूंच्या विविध भावमुद्रा अशी त्यांची दिल्लीतील छायाचित्रे राष्ट्रीय स्मृतीचा भाग बनली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. परंतु १९४२ पूर्वी मुंबईत टिपलेली त्यांची व्यक्तिचित्रे व नगरदृश्ये या कीर्तीची केवळ पूर्वतयारी म्हणून पाहिली जातात. ही दृष्टी अपुरी आहे, मुंबईतील छायाचित्रांना स्वतंत्र कलामूल्य आहे आणि त्यांतूनच व्यारावाला यांच्या पाहण्याची रीत घडली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

व्यारावाला यांचा जन्म नवसारी येथील पारशी कुटुंबात झाला. वडील नाटक कंपनीत असल्याने बालपण फिरतीत गेले आणि शिक्षण मुंबईत झाले. सर जे. जे. कला विद्यालयात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाचे धडे मात्र माणेकशा व्यारावाला यांच्याकडून मिळाले. पुढे त्यांच्याशीच विवाह झाला. मुंबईतील स्त्रियांच्या एका मंडळाच्या सहलीची छायाचित्रे १९३८ साली 'बॉम्बे क्रॉनिकल'ने प्रसिद्ध केली व प्रत्येक छायाचित्रास एक रुपया मोबदला दिला. प्रकाशनाचा आरंभच असा स्त्रियांच्या सहलीपासून व्हावा, ही बाब लक्षणीय आहे.

या सहलीचे वेगळेपण जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागते. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला व तो श्रीमती केनी-लेविक यांच्याकडे सोपविला. तेथे छायाचित्रकार स्त्री होती, चित्रविषयही स्त्री होती. परंतु दोघींची भेट भिंतीआड होत असे. अवघ्या साडेचार दशकांत हे नाते उघड्या हवेत आले. पार्श्वभूमीच्या रंगविलेल्या पडद्याची जागा प्रत्यक्ष शहराने घेतली. हे स्थित्यंतर केवळ तांत्रिक नव्हे, सामाजिकही आहे.

मैत्री हीच दृष्टी

मुंबईतील व्यक्तिचित्रांत जे. जे.मधील सहाध्यायी रेहाना मोगल यांची छायाचित्रे विशेष महत्त्वाची ठरतात. तत्कालीन स्टुडिओतील व्यक्तिचित्रात बैठक, पोशाख व नजर यांची शिस्त असे. व्यक्तीपेक्षा तिचा दर्जा दिसावा, हा त्यामागील हेतू असे. रेहाना येथे कोणाची कन्या वा पत्नी म्हणून उभ्या नाहीत. त्या मैत्रिणीसमोर आहेत आणि मैत्रिणीसमोर माणूस जसे मोकळे होते तशाच दिसतात. एकाच व्यक्तीकडे पुनःपुन्हा वळणारी ही नजर कुतूहलाची नसून सहवासाची आहे.

या मोकळेपणाला साधनाचाही हातभार लागतो. व्यारावाला यांच्या कॅमेऱ्यांपैकी रोलिफ्लेक्स हा कमरेच्या वा छातीच्या उंचीवर धरून वापरावयाचा. छायाचित्रकार मान खाली घालून काचेवरील चौरस प्रतिमा पाहतो. त्याचा चेहरा झाकला जात नाही आणि भिंगही थेट डोळ्यांवर रोखलेले नसते. त्यामुळे समोरच्या व्यक्तीशी संवाद तुटत नाही. एका रिळावर बाराच छायाचित्रे मिळत असल्याने क्षणाची निवड मात्र विचारपूर्वक करावी लागे. जवळीक आणि संयम हे दोन्ही गुण या साधनात एकत्र येतात. व्यारावाला यांनी त्यांचा पुरेपूर लाभ घेतला.

नगरदृश्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. मुंबईच्या चित्रप्रतिमेत भव्य वास्तूंना अग्रस्थान देण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून रूढ होती. माणसे बहुधा प्रमाण दाखविण्यापुरती असत. व्यारावाला यांच्या मुंबईत वास्तू मागे सरते आणि शिकणारी, वावरणारी, काम करणारी माणसे पुढे येतात.

श्रेयनामाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची अनेक छायाचित्रे 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त आली. मात्र आरंभीची बरीचशी पतीच्या नावाने. त्या स्वतः अपरिचित होत्या आणि स्त्रीही होत्या. येथे समीक्षेपुढे खरा प्रश्न उभा राहतो. वाचकाने ही चित्रे पुरुषाची म्हणून पाहिली, तेव्हा त्यांतील सख्यभाव त्यास कसा जाणवला असेल? चित्राचा अर्थ चौकटीत असतो तसा खालच्या नावातही असतो. पुढे दिल्लीत त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतले. जन्मवर्ष १९१३, पतीची पहिली भेट तेराव्या वर्षी आणि मोटारीचा क्रमांक 'डीएलडी १३' अशी त्याची गमतीदार उपपत्ती आहे. पतीच्या नावाकडून स्वतः निवडलेल्या नावाकडे झालेला हा प्रवास मात्र केवळ गमतीचा नाही.

मर्यादा

या छायाचित्रांना 'मुंबईच्या स्त्रीजीवनाचे दर्शन' म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. मैत्रीतून उमटलेले चित्र मैत्रीच्या परिघापुरतेच असते आणि हा परिघ प्रामुख्याने शिक्षित, महाविद्यालयीन स्त्रियांचा आहे. तथापि ही मर्यादाच त्या चित्रांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. जे जवळून ठाऊक होते, तेच त्यांनी जवळून दाखविले.

समारोप

१९४२ साली ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या नोकरीनिमित्त व्यारावाला दिल्लीस गेल्या. तेथील सत्तावर्तुळातही त्यांची दृष्टी औपचारिकतेतील बेसावध क्षण शोधत राहिली. १९५४ साली पालम विमानतळावर विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत छायाचित्रणास मनाई करणाऱ्या फलकाशेजारी उभे असलेले नेहरू, हे त्याचे ठळक उदाहरण होय. पंतप्रधानांतील माणूस पाहणारी ही नजर जे. जे.च्या आवारात घडली होती.

सबीना गडिहोक यांच्या २००६ सालच्या ग्रंथामुळे व्यारावाला यांच्या कार्याचा पट अभ्यासकांपुढे आला. आता गरज आहे ती प्रत्यक्ष चित्रवाचनाची. 'पहिली' हे बिरुद व्यक्तीचा गौरव करते, पण एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर होऊन तेथेच थांबते. चित्रांकडे पाहण्याची निकड उरत नाही. ज्यांच्या चित्रांखाली आरंभी त्यांचे नावच नव्हते, त्यांचे आता केवळ नाव उरावे आणि चित्रे विसरली जावीत, हा दुसरा अन्याय ठरेल. तो टाळणे अध्यापकांच्या हाती आहे. वर्गात बिरुदाआधी छायाचित्र दाखवावे, हा त्याचा साधा आरंभ होय.