मान हलते, नजर हलत नाही

गणेशोत्सवात लालबाग-काळाचौकी भागातल्या मंडपांतून हलत्या देखाव्यांची परंपरा जुनी आहे. ध्वनिफितीवर संवाद चालू असतो आणि त्यावर पुतळा हात उचलतो, मान डावीकडून उजवीकडे नेतो. मुले कौतुकाने पुढे सरकतात, पण थोड्याच वेळात त्यांचे लक्ष उडते. पुतळ्याचा चेहरा उत्तम रंगवलेला असतो, वेशभूषाही नेटकी असते. मग तो जिवंत का वाटत नाही? यांत्रिक डोके स्वतः बनवू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

दोष यंत्ररचनेत आहे. संथ मोटरच्या चाकाला कडेजवळ एक कांब जोडतात व तिचे दुसरे टोक मानेच्या दांड्याला अडकवतात. चाक अखंड फिरते, म्हणून मानही अखंड हलते. मधल्या भागात तिचा वेग सर्वांत जास्त असतो आणि दोन्ही टोकांना ती निमिषमात्र थांबून लगेच परत फिरते. ही लंबकाची गती झाली. बघणारा माणूस असा हलत नाही.

माणूस कसा बघतो हे वर्गातच तपासता येईल. एका विद्यार्थ्याला बाजूने हाक मारा. बहुधा आधी डोळे झटकन वळतात, मागोमाग मान वळते, आणि मान वळत असताना डोळे खोबणीत उलट दिशेने फिरून नजर त्याच जागी धरून ठेवतात. मग सारे काही क्षण स्थिर राहते. आता बोट स्थिर धरून मान हलवायला सांगा: बोट स्पष्ट दिसते. मान स्थिर ठेवून बोट तितक्याच जलद हलवले तर ते अस्पष्ट होते. पहिल्या वेळी आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका डोळ्यांना मानेची गती कळवतात. म्हणून आपल्याला ‘कुणीतरी बघते आहे’ असे वाटते ते दोन गोष्टींमुळे: डोळ्यांची आघाडी आणि मधला विराम. देखाव्यातल्या बहुतेक डोक्यांत या दोन्ही नसतात.

विराम देणारे यंत्र नवे नाही. पियेर जॅके-द्रो यांच्या कार्यशाळेतली, 1774 मध्ये लोकांपुढे आलेली वादक बाहुली आजही स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. वाजवताना तिची नजर बोटांमागे जाते, छाती श्वासासारखी वरखाली होते. या हालचाली ठरतात त्या विशिष्ट आकाराच्या चकत्यांनी, म्हणजे कॅमनी. चकतीची कड जिथे आसापासून समान अंतरावर असते, तिथे चकती फिरत राहूनही तिच्यावर टेकलेला दांडा हलत नाही. गिरणीच्या साचाखात्यात हेच तत्त्व रोज वापरात होते. साच्याचा ‘टॅपेट’ ताण्याचे धागे उघडतो आणि धोटा पार होईपर्यंत ते तसेच धरून ठेवतो. ज्या गिरणगावात हजारो साचे असे विराम घेत चालले, तिथल्या देखाव्यांतल्या माना मात्र विसावल्या नाहीत, याची खंत वाटते.

देखावा करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांचे यंत्र दहा दिवस तासन्‌तास चालले पाहिजे, खर्च आटोक्यात राहिला पाहिजे, आणि प्रेक्षक दूर गर्दीत उभा असतो. या कामाला कांब व चाक योग्यच आहे. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव किंवा ‘झपाटलेला’ (1993) चित्रपटासाठी रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू यांच्याशी त्याची सरळ तुलना करता येणार नाही. बोलक्या बाहुलीच्या मागे कलाकाराचा हात असतो आणि संवादाबरोबर तो हात आपोआप थांबतो.

आजच्या हौशी कारागिराला मात्र ही सबब नाही. त्याच्याकडे नऊ ग्रॅमची सर्व्हो मोटर असते. दर 20 मिलिसेकंदांनी तिला एक स्पंद मिळतो. स्पंद सुमारे 1 मिलिसेकंदाचा असेल तर ती एका टोकाला, 1.5 चा असेल तर मध्यावर आणि 2 चा असेल तर दुसऱ्या टोकाला जाऊन थांबते. येथे विरामाला कॅम घासावा लागत नाही, आज्ञावलीत एक ओळ पुरते. तरीही प्रदर्शनातली डोकी डुलतच राहतात. याचे एक कारण आपल्या शिकवण्यात आहे. आर्डुइनोच्या ‘स्वीप’ या नमुना आज्ञावलीत मोटर शून्यापासून 180 अंशांपर्यंत जाते व परत येते. मोटर चालते की नाही हे पाहायला ती चांगली आहे, पण अनेक प्रकल्प तिथेच थांबतात. नवी मोटर जुन्याच कांबेचे काम करू लागते.

तेव्हा विज्ञान प्रदर्शनात असे डोके समोर आले की त्यात किती मोटरी आहेत हे विचारण्याआधी ‘हे कशाकडे बघते आहे?’ असे विचारावे. विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला आरशासमोर बसवून स्वतःच्या डोळ्यांच्या व मानेच्या हालचालींचा क्रम वहीत लिहायला सांगावे. डोळ्यांसाठी एक आणि मानेसाठी एक, अशा दोनच मोटरींवर तो क्रम उतरला, तरी पापण्या, भुवया आणि जबडा यांच्याकडे जाण्याची वाट त्याला सापडेल.